सेबा : बीच नसलेलं बेट

कॅरिबियन म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. मायामीहून सुटणारी क्रूझ, दिवसभर चालू असलेलं बुफे, पांढरी वाळू आणि त्या वाळूवर साडी सावरत (हल्ली शॉर्ट्स सावरत) काढलेले फोटो. सेबा या बेटावर यातलं काहीच नाही. मोठी क्रूझबोट तिथे धक्क्याला लागू शकत नाही. कॅसिनो नाही, मॉल नाही, रस्त्यावर एकही ट्रॅफिक सिग्नल नाही. आणि मुख्य म्हणजे बीच नाही! वेल्स बे नावाच्या ठिकाणी उन्हाळ्यात वाळूचा एक पट्टा वर येतो आणि हिवाळ्यातल्या लाटा तो परत घेऊन जातात. बाकी चहूबाजूंनी काळे कडे आणि खाली खोल समुद्र. अशा ठिकाणी गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघं आठ दिवस राहून आलो.

का गेलो, ते सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकते. कॅरिबियनमधल्या मेडिकल कॉलेजांचा विषय निघाला की आपल्या मंडळात एक विशिष्ट शांतता पसरते, ती वाचकांच्या परिचयाची असेल. गणपतीच्या जेवणावळीत कोणी विचारतं, "मग, लेक काय करते सध्या?" उत्तर येतं, "मेडिकलला आहे." "अरे वा! कुठे?" यावर ताटातल्या मसालेभाताकडे पाहत "जरा बाहेर आहे" असं पुटपुटणारे आईबाप मी पाहिले आहेत. मुलगा आयव्ही लीगमध्ये असता तर स्वेटशर्टवरच नाव छापून आलं असतं. माझी बहीणही दीड वर्ष "बाहेर आहे" एवढंच म्हणत होती. शेवटी ह्यांनीच तिकिटं काढली. म्हणाले, "बाहेर म्हणजे नेमकं कुठे, ते बघून तरी येऊ."

तर हे "बाहेर" नेमकं कुठे? सिंट मार्टेन हे बेट बऱ्याच जणांना माहीत असतं, कारण क्रूझ तिथे थांबते आणि फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवरच्या सोन्याच्या आणि कॅमेऱ्यांच्या दुकानांत सिंधी दुकानदार आपल्याशी हिंदीतून भाव करतात. तिथून नैऋत्येला अठ्ठावीस-एक मैलांवर समुद्रातून एक हिरवा सुळका वर आलेला दिसतो. तो सेबा. एक झोपलेला ज्वालामुखी, बाकी काही नाही. क्षेत्रफळ पाच चौरस मैल, म्हणजे आमच्या एडिसन टाउनशिपमध्ये अशी सहा सेबा बसतील. वस्ती सुमारे दोन हजार. राज्य हॉलंडचं, भाषा इंग्रजी, नाणं अमेरिकन डॉलर. हा त्रिवेणी संगम कसा झाला हे मला पहिल्या दिवशी कळेना. डच लोक इथे सतराव्या शतकात आले, मधल्या काळात बेट बऱ्याच वेळा या हातातून त्या हातात गेलं आणि १८१६ पासून डचांकडे राहिलं. पण वस्ती करून राहिलेल्यांत इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश लोक आणि त्यांनी गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकन अशी सरमिसळ होती, म्हणून बोली इंग्रजी. १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिलिसचा संसार मोडला, तेव्हा सेबा हॉलंडची एक खास नगरपालिका बनली आणि पुढच्या १ जानेवारीपासून तिथे डॉलर चालू झाला. आपल्याला बरंच. सुट्या पैशांचा हिशोब करावा लागत नाही.

न्यूअर्कहून सिंट मार्टेनपर्यंत चार-साडेचार तास. तिथून पुढे विनएअर कंपनीचं ट्विन ऑटर नावाचं दोन पंख्यांचं विमान. एकोणीस माणसं कशीबशी मावतात, आणि वैमानिकाच्या आणि आपल्यामध्ये दारही नसतं. तो काय करतो ते सगळं दिसतं. न दिसतं तर बरं झालं असतं. प्रवास अवघा बारा-पंधरा मिनिटांचा, पण शेवटची दोन मिनिटं विमान सरळ कड्यावर चाललं आहे असंच वाटतं. मग ते एका बाजूला कलतं, समोर एक सपाट जिभेसारखी जागा दिसते, दोन्ही टोकांना खाली समुद्र, आणि टेकलं म्हणेपर्यंत थांबलेलंसुद्धा. धावपट्टी चारशे मीटरची आहे. नियमित प्रवासी विमानं उतरणाऱ्या जगातल्या सगळ्यांत आखूड धावपट्ट्यांत तिची गणना होते. दोन्ही टोकांना मोठी फुली रंगवलेली आहे, म्हणजे इतर वैमानिकांनी इकडे फिरकू नये. ह्यांनी माझा हात धरला होता. चाळीस वर्षांच्या संसारात विमानात हात धरण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून नमूद करून ठेवते. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी सिंट मार्टेनहून फेरी बोट आहे. सव्वा-दीड तास लागतो, पण समुद्र खवळलेला असला तर विमान परवडलं असं म्हणायची पाळी येते.

या धावपट्टीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फ्लॅट पॉइंट नावाची ती एकच सपाट जागा बेटावर होती आणि तीही दगडधोंड्यांनी भरलेली. शेजारच्या सेंट बार्ट्स बेटावरचा रेमी द हॅनन नावाचा एक धाडसी वैमानिक होता. तो म्हणाला, दगड काढलेत तर मी उतरून दाखवतो. गावकऱ्यांनी हातांनी दगड उचलून जागा मोकळी केली आणि ९ फेब्रुवारी १९५९ रोजी तो खरोखरच उतरला. त्यानंतर रीतसर धावपट्टी बांधून १९६३ साली विमानतळ सुरू झाला.

पण या धावपट्टीपेक्षाही मोठी गोष्ट तिथून वर चढणाऱ्या रस्त्याची आहे.

विमानतळावरून टॅक्सी निघाली ती वळणावर वळण घेत वरच चढत राहिली. एका बाजूला दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला डोंगर. आमचे टॅक्सीवाले पंचाहत्तरीचे गृहस्थ होते, एक हात खिडकीबाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात करत चालले होते आणि त्याच हाताने आम्हाला दरीही दाखवत होते. बेटावर मुख्य रस्ता एकच. त्याला नावही "द रोड" एवढंच; दुसरा नसल्यावर नाव कशाला हवं? पूर्वी गावागावांतून जायला फक्त डोंगरातल्या पायऱ्या होत्या. डच इंजिनियरांनी पाहणी केली आणि या चढावर रस्ता होणे शक्य नाही असा निकाल देऊन ते निघून गेले, असं तिथले सगळे सांगतात. तेव्हा जोसेफस लँबर्ट हॅसल नावाचा गावातलाच एक माणूस उठला. त्याने पोस्टाने सिव्हिल इंजिनियरिंगचा कोर्स केला. हो, पोस्टाने! आणि १९३८ साली गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं. यंत्रं नव्हतीच. कुदळ, फावडं, ढकलगाडी आणि दगडावर दगड रचणारे हात. बंदरापासून द बॉटम या राजधानीच्या गावापर्यंतचा पहिला तुकडा १९४३ मध्ये झाला. गंमत म्हणजे तेव्हा बेटावर मोटार नव्हती. पहिली जीप आली १९४७ साली. रस्ता आधी, गाडी नंतर! पुढे १९५१ ला तो विंडवर्डसाइड या वरच्या गावापर्यंत पोचला आणि सगळा पुरा व्हायला वीसेक वर्षं लागली. जेमतेम नऊ मैलांचा रस्ता.

आमचे हे स्वतः सिव्हिल इंजिनियर. पुण्याच्या सीओईपीचे, शिवाय इकडचं मास्टर्स, टर्नपाइकवर तीस वर्षं काम. ते एका वळणावर टॅक्सी थांबवून खाली उतरले, कठड्याचे दगड हाताने चाचपून पाहिले, पाण्याच्या निचऱ्याला ठेवलेली भोकं वाकून पाहिली, आणि गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "पोस्टाने शिकला होता, नाही का?" नंतर पूर्ण वाट ते गप्प होते. (हे गप्प बसले, हे आमच्या ओळखीच्यांना सांगूनही पटणार नाही.)

रस्त्यापूर्वी सगळा माल कसा वर जायचा, ते पाहायला भाचीने आम्हाला दुसऱ्या दिवशी लॅडर बेला नेलं. "मावशी, खाली उतरणं सोपं आहे. वर यायचं मी आत्ताच सांगत नाही," असं म्हणाली. कड्यात खोदलेल्या आठशे पायऱ्या. खाली धक्का नाही, नुसते खडक. बोट लाटेबरोबर आत यायची, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून सामान उतरवायची आणि डोक्यावर, खांद्यावर घालून आठशे पायऱ्या चढायची. पीठ, लाकूड, कौलं, लग्नाचा पोशाख, शवपेटी, सगळं याच वाटेने. एक पियानोसुद्धा असाच वर गेला म्हणतात. मी मधल्या जकात नाक्याच्या पडक्या खोलीपर्यंत उतरले आणि तिथेच बसकण मारली.

तिथे बसल्या बसल्या मला माझ्या माहेरचं आठवलं. आमचं गाव गुहागर तालुक्यातलं. वडील सांगायचे, मुंबईहून आगबोटीने यायचं, बोट खोल पाण्यात उभी राहायची, मग पडावात उड्या मारायच्या आणि शेवटी खलाशाच्या पाठुंगळी बसून किनारा गाठायचा. सेबाला १९७२ पर्यंत हेच चाललं होतं. त्या साली फोर्ट बेला धक्का झाला. चोवीस तास वीज आली तीही १९७० च्या सुमारास. म्हणजे मी शाळेत कंदिलावर अभ्यास करत होते तेव्हा तिकडेही दिवे मिणमिणत होते. साम्य एवढ्यावरच थांबत नाही. कोकणातून चाकरमानी मुंबईला गेले आणि घरी बायका, म्हातारी माणसं आणि मनिऑर्डर राहिली. सेबाचे पुरुष जहाजांवर गेले. त्यांची दर्यावर्दी म्हणून एवढी ख्याती की १९०९ साली द बॉटममध्ये जहाजविद्या शिकवणारी शाळा निघाली, आणि न्यूयॉर्कला येणाऱ्या जहाजांवर सेबाचे कप्तान असायचे. पुढे अरुबा आणि कुरासावच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी उरलेसुरले पुरुष ओढून नेले. बेटाला "बायकांचं बेट" असं नावच पडलं होतं.

या बायकांनी काय केलं? तर सुई हातात घेतली. एकोणिसाव्या शतकात गर्ट्रूड जॉन्सन नावाची इथली मुलगी व्हेनेझुएलात काराकासच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकायला गेली होती. तिथल्या नन्सकडून ती कापडातले दोरे ओढून काढायचे आणि उरलेल्या दोऱ्यांच्या गाठी मारून नक्षी उठवायची, असं भरतकाम शिकून आली. तिने ते इतरांना शिकवलं. पण विकायचं कुणाला? बेटावर गिऱ्हाईक नाही. मग या बायकांनी एक युक्ती केली. अमेरिकेतून जी खोकी, पार्सलं यायची त्यांच्यावरचे कंपन्यांचे पत्ते त्या उतरवून घ्यायच्या आणि त्या पत्त्यांवर तिथल्या नोकरमाणसांना पत्रं लिहायच्या : आम्ही रुमाल, टेबलक्लॉथ करतो, आपल्याला हवे का? मार्केटिंगचं एवढं पक्कं डोकं कोणत्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवतात? १९२८ पर्यंत वर्षाला सुमारे पंधरा हजार डॉलरचा माल पोस्टाने जात होता. आजही काही आज्या हे काम करतात. मी एक रुमाल घेतला. किंमत ऐकून आधी दचकले, मग कामाकडे नीट पाहिलं आणि घासाघीस न करता पैसे दिले.

एवढं सगळं करूनही माणसं जायची ती गेलीच. सेबाची माणसं बार्बाडोसला गेली, बर्म्युडाला गेली आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये रिचमंड हिलला त्यांनी घरं केली. आज आपण तिथे साडी आणि मिठाईच्या दुकानांत जातो, गयानाच्या लोकांनी तो भाग गजबजून टाकला आहे. पण त्यांच्या कितीतरी आधी त्याच गल्ल्यांत सेबाची कुटुंबं राहत होती. एका घराच्या ओसरीवर बसून एक आजी मला त्या गल्लीचं नाव सांगू लागल्या. त्यांच्या मावश्या तिकडे गेल्या आणि परत आल्या त्या सुटीपुरत्याच. घरामागे अंगणात, आपल्याकडे तुळशीवृंदावन असतं तशा जागी, त्यांच्या सासू-सासऱ्यांच्या समाध्या होत्या. घराच्या आवारातच पुरण्याची इथे रीत आहे. मी विचारलं, घर विकायची वेळ आली तर? त्या म्हणाल्या, म्हणून तर विकत नाही.

एके काळी बेटाची वस्ती हजाराच्या आसपास उतरली होती. आज ती दोन हजारांच्या घरात आहे, आणि त्यात भाचीच्या कॉलेजचा वाटा मोठा आहे. सेबा युनिव्हर्सिटी स्कूल ऑफ मेडिसिन १९९२ साली द बॉटममध्ये निघालं. काहीशे विद्यार्थी, बहुतेक अमेरिकन आणि कॅनेडियन, आणि त्यांत आपल्या रंगाची मुलं भरपूर. मुलं इथे साधारण वीस महिने राहून मूळ विषय शिकतात आणि नंतर अमेरिका-कॅनडाच्या इस्पितळांत प्रत्यक्ष कामासाठी जातात. गावातल्या लोकांनी खोल्या भाड्याने दिल्या, खानावळी काढल्या, टॅक्सी चालवल्या. शतकभर तरुण बाहेर पाठवणाऱ्या बेटावर आता बाहेरचे तरुण येतात. वीस महिन्यांनी तेही जातात, हा भाग वेगळा.

भाचीची खोली एका अशाच घराच्या तळमजल्यावर आहे. पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, हिरव्या कडांच्या खिडक्या. बेटावरची जवळजवळ सगळी घरं अशीच. छपरावर पडणारं पावसाचं पाणी पन्हाळीतून घराखालच्या टाकीत साठवतात आणि वर्षभर वापरतात, कारण बेटावर नदी नाही. मुलीने मला पहिल्याच सकाळी नळ बंद करायला लावला. "मावशी, दात घासताना नळ सोडून ठेवायचा नाही, घरमालकीणबाई रागावतात." ज्या मुलीला न्यू जर्सीत शॉवरमधून बाहेर काढायला माझ्या बहिणीला दार ठोठवावं लागायचं, ती हे सांगत होती! गाड्यांना हात दाखवून लिफ्ट घेणं इथे सर्रास चालतं. तीही घेते. "आईला सांगू नकोस" म्हणाली, म्हणून सांगितलं नाही. इथे छापते आहे ती गोष्ट निराळी.

तिचा दिवस सकाळी सातला सुरू होतो आणि रात्री बारापर्यंत चालतो. संध्याकाळी आम्ही फिरायला निघायचो तेव्हा ती आणि तिच्या मैत्रिणी लायब्ररीत. ही मुलं काही मजा मारायला बेटावर आलेली नाहीत. करमणुकीचं काही नाही म्हणूनच अभ्यास होतो, असं तीच म्हणाली. पण या वाटेवरचा धोका खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आलेली सगळीच मुलं शेवटपर्यंत पोचत नाहीत, कर्ज मात्र पोचतं. २०२२ सालापासून यूएसएमएलईच्या पहिल्या परीक्षेत गुण देत नाहीत, नुसतं पास की नापास. पूर्वी बाहेरच्या कॉलेजातली हुशार मुलं याच परीक्षेत दणदणीत गुण काढून इस्पितळांचं लक्ष वेधून घ्यायची. ती वाट बंद झाली आणि सगळा भार दुसऱ्या परीक्षेवर आणि शिफारसपत्रांवर आला. कॅरिबियनमधली सगळी कॉलेजं सारख्या दर्जाची नाहीत, तेव्हा अमेरिकेतल्या कोणत्या राज्यांची मान्यता आहे, किती मुलं वेळेत पदवी घेतात, किती जणांना रेसिडेन्सी मिळते, हे पालकांनी कागदावर मागून घ्यावं. जाहिरातीतल्या समुद्राच्या फोटोंवर जाऊ नये.

पण लाज? ती कशाची? आपल्या मंडळातले मानाचे डॉक्टर आठवा. साठ-सत्तरच्या दशकांत केईएम, ग्रँट, बी.जे. करून इकडे आलेली ही मंडळी. त्यांनाही ईसीएफएमजीची परीक्षा द्यावी लागली, त्यांच्याही पदवीवर "फॉरेन" असा शिक्का होता, आणि जिथे इथली मुलं जायला तयार नव्हती अशा इस्पितळांत, अशा गावांत त्यांना रेसिडेन्सी मिळाल्या. आज माझी भाची शिकून बाहेर पडेल तेव्हा तिला त्याच ईसीएफएमजीचं सर्टिफिकेट लागणार आहे. कागदोपत्री ती आणि तिचे हृदयविकारतज्ज्ञ आत्येसासरे (म्हणजे व्हायचे, साखरपुडा झाला आहे) एकाच जातीचे. फरक एवढाच, की त्यांची फी त्या काळी भारत सरकारने भरली होती.

हे मी बहिणीला फोनवर ऐकवलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, तू तिची आई नाहीस." तेही खरंच आहे.

माउंट सीनरीबद्दल लिहिलं नाही तर ह्यांना राग येईल, कारण गुडघ्यांची तक्रार करत करत ते वर पोचले. सुमारे २९०० फूट उंची, आणि नेदरलँड्सच्या संपूर्ण राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण हेच. हॉलंडचे लोक आपलं सर्वोच्च शिखर बघायला समुद्रापलीकडे येतात! विंडवर्डसाइडहून १०६४ पायऱ्या. आम्हाला दोन तास लागले, भाचीला त्याच्या निम्मेही लागले नसते, पण ती आमच्या मागे मागे चालत राहिली. खाली निवडुंग, मधे केळी आणि रानअळू, आणि वरती ढगातलं जंगल. झाडांच्या खोडांवर शेवाळं, नेचे, सगळं ओलं, आषाढातल्या आंबोलीसारखं. पायऱ्यांवर ठिपक्याठिपक्यांचा एक सरडा सारखा आडवा येतो. तो फक्त याच बेटावर आढळतो, जगात दुसरीकडे नाही. शिखरावर ढग असल्यामुळे आम्हाला दिसलं काहीच नाही. एकदा मिनिटभर ढग फाटला आणि खाली लाल छपरांचं गाव आणि एवढासा तो रस्ता दिसला, तेवढंच.

समुद्राखालचं जग पाहायला लोक लांबून इथे येतात. बेटाभोवतालचा सगळा समुद्र १९८७ पासून राखीव सागरी उद्यान आहे. पाणबुड्यांच्या तोंडून त्याची फार स्तुती ऐकली. आम्ही दोघंही कोरडेच राहिलो, तेव्हा त्याबद्दल पाणबुड्यांनीच लिहावं.

खाण्याचं म्हणाल, तर मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. सेबा बँक या समुद्रातल्या मोठ्या पठारावरची शेवंडं ताजी मिळतात. मालवणकडच्या वाचकांनी समजून घ्यावं. शाकाहाऱ्यांची मात्र परीक्षाच. भाजीपाला सिंट मार्टेनहून बोटीने येतो, आणि बोट आली की दुकानात आपल्या दादरच्या मंडईसारखी गर्दी. दोन दिवसांनी पालेभाजी संपते. घरोघरी "सेबा स्पाइस" नावाची एक दारू करतात : रम, तपकिरी साखर, लवंग, दालचिनी, बडीशेप. ह्यांनी दुसरा पेला घेताना "हा तर आजीचा काढा" असं कारण दिलं.

कोणाला जायचं असेल तर डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे, २०१७ मध्ये इर्मा वादळाने शेजारचं सिंट मार्टेन उद्ध्वस्त केलं आणि सेबालाही झोडपलं. सिंट मार्टेनला विमान बदलायला किमान तीन तास हातात ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी, विशेषतः आईवडिलांना बरोबर नेणाऱ्यांनी, व्हिसाचे डच नियम आधी विचारून घ्यावेत. राहायला मोठी हॉटेलं नाहीत, लहान लहान घरगुती आहेत. पायांत चांगले बूट हवेत. चपला घालून गेलात तर टॅक्सीवर खर्च होईल. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर मी तरी दुसरं बेट सुचवेन, कारण खेळायला वाळू नाही आणि कठडे बुटके आहेत. आईबापांना नेणार असाल तर त्यांचे गुडघे आधी विचारात घ्या.

आणि ज्यांची मुलं तिथे "बाहेर" आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. ट्विन ऑटरमध्ये सामानाचं वजन काटेकोर मोजतात. आमच्या बॅगेतले दोन पौंड जास्त झाले, तेव्हा काउंटरवर उघडून काढावे लागले. ह्यांनी स्वतःचे बूट आणि एक पुस्तक काढलं. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि कैरीचं लोणचं आत राहिलं. बहीण मार्चमध्ये स्वतः जाते आहे. भाचीने यादी पाठवली आहे : लोणचं संपलं, भाजणी आहे, कुळथाचं पीठ आण, आणि आई, चालायचे बूट.